पांढरं सूत

पत्रकात आरोप आधी असतो आणि पुरावा मागून येतो. मला लिहिण्याची दुसरी रीत कुणी शिकवली नाही, म्हणून तशीच सुरुवात करते. नववीत असताना मी शाळेत पर्यावरण मंडळ काढलं आणि त्या मंडळापायी माझ्या मैत्रिणीची शाळा सुटली. आरोपी मी आहे. वय लहान होतं ही सबब मला घ्यायची नाही. भांडवलदार कोण आणि कामगार कोण हे मला पंधराव्या वर्षी तोंडपाठ होतं. आपलं माणूस कोण हेही कळायला हवं होतं.

माझे बाबा सोलापुरातल्या एका लहान छापखान्यात कंपोझिटर. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. खराब निघालेले, एका बाजूनं छापलेले कागद बाबा घरी आणायचे. फडताळात पत्रकं अंथरलेली, चटणीच्या बरणीखाली पत्रक, माझ्या वह्यांची कव्हरं पत्रकांची, आणि कोऱ्या बाजूवर माझी गणितं. गिरणी कामगारांची पत्रकं, विडी कामगार बायकांची, महागाईच्या मोर्चाची, रॉकेल मिळत नाही म्हणून काढलेली. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी स्वतःच्या नावाआधी वाचायला शिकले. सातवीत शाळेच्या घंटेविरुद्ध मी हातानं लिहून एक पत्रक काढलं होतं, कारण ती मधल्या सुट्टीत पाच मिनिटं लवकर वाजायची. शिपाईकाकांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून घंटा वेळेवर वाजू लागली. त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते बराच काळ जाग्यावर आलं नाही.

मैत्रीण पूर्व भागातल्या विणकरांच्या पेठेत राहायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, वर्गात उत्तर देताना आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. तिचे वडील सूत रंगवायचे. त्यांना ती नायना म्हणायची, म्हणून मीही नायना म्हणायचे. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन भट्ट्या आणि तीन सिमेंटचे हौद. चादरींसाठी लागणारं सूत लड्यांनी यायचं, रंगून व्हायचं आणि गल्लीभर आडव्या बांबूंवर वाळत पडायचं. नायनांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत, आणि त्या हातांवरून आम्ही ओळखायचो की ह्या आठवड्यात लाल आहे की हिरवा.

अम्मा आणि मोठी अक्का दारात बसून विड्या वळायच्या. अक्का चौथीतून विड्यांवर बसली होती. धाकटीचीही चौथी झाल्यावर अम्मानं विड्यांचं सूप पुढं ठेवलं, तेव्हा नायनांनी ते उचलून बाजूला ठेवलं. "ही मॅट्रिक होणार," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं, की गल्लीनं तिचं नावच 'मॅट्रिक' पाडलं. "ए मॅट्रिक, नळ आला बघ!" "मॅट्रिक, अम्माला सांग, पानं भिजलीत!" ती चिडायची नाही. "होऊ दे की एकदा," म्हणायची, "मग बघते सगळ्यांना."

दुष्काळ सरून दुसरं वर्ष चालू होतं. विज्ञानाच्या बाई दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला कसल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना 'पर्यावरण' हा शब्द घेऊन आल्या. त्यांनी तो फळ्यावर लिहिला आणि विचारलं, ह्याचं मंडळ काढायला कोण तयार आहे? मी हात वर केला. शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीनं माझ्याकडे बघून वर केला. आणखी सहा हात वर आले. मुलगे पहिल्या दिवसापासून आम्हाला 'गटार कंपनी' म्हणायला लागले.

मंडळाचं पहिलं काम म्हणजे शाळेच्या कुंपणाकडेला लावलेली दहा कडुनिंबाची रोपं. सगळी एका शेळीनं खाल्ली. ती शेळी शाळेच्या शिपायाचीच होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न पडला. बाई म्हणाल्या, पुन्हा लावू. मला रोपांत राम वाटत नव्हता. रोपाचा शत्रू कोण, तर शेळी. तिच्याविरुद्ध काय लिहिणार?

मग आड सापडला. शाळेच्या मागं, ओढ्याच्या काठाला एक जुना, अरुंद आड होता. दुष्काळात शहराचे नळ आठ-आठ दिवस कोरडे राहायचे, तेव्हा त्या आडानं आम्हाला आणि आजूबाजूच्या घरांना पाणी दिलं होतं. नंतर नळ आले. आड मागे पडला. तरी ज्यांच्या घरी नळ नव्हता त्या बायका अजून तिथंच घागरी भरायच्या. आता त्याच पाण्यावर गुलाबी झाक यायला लागली होती. त्या पाण्यानं हात धुतले की कातडी कोरडी पडायची, पांढरी पपडी सुटायची.

"बघितलंस?" मी मैत्रिणीला म्हणाले. "रंग! रंगानं आडाची वाट लावली."

तिनं हात धुतले, वास घेतला, हात उन्हात धरून वाळवले. "रंगानं कातडी रंगती," ती म्हणाली. "कोरडी न्हाय पडत. नायनांचे हात बघितलेस ना तू? रंगलेत, पण फुटलेत कुठं?"

मला तिचं ऐकू आलं होतं, हे मुद्दाम सांगते.

पाणी तपासायला आमच्याकडे काय होतं? विज्ञानाच्या खोलीत एक कपाट, कपाटात लिटमसचे जुने, सादळलेले कागद. बाईंनी हात वर केले. तेव्हा मार्ग तिनंच काढला. सूत रंगवणारे गिऱ्हाइकाला दाखवायला पुठ्ठ्यावर सुताचे तुकडे बांधून ठेवतात आणि खाली रंगाचा नंबर लिहितात. तिनं घरून पांढऱ्या सुताची एक लडी आणली. "जिथं जिथं पाणी आहे तिथं एक एक धागा बुडवून ठेवू," ती म्हणाली. "एक दिवस, एक रात्र. मग वाळवायचा आणि पुठ्ठ्यावर बांधायचा. सूत खोटं बोलत न्हाय."

दीड महिना आम्ही हेच केलं. आडात धागा, शाळेमागच्या ओढ्यात तीन ठिकाणी धागे, पेठेतल्या गटारांच्या तोंडाशी धागे. दगडाला बांधून सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर काढायचे. ओढ्यात उतरताना तिनं परकर खोचलेला असायचा आणि काठावरचे मुलगे ओरडायचे, "गटार कंपनी, मासे घावले काय?" ती ओढ्यातूनच उत्तर द्यायची, "तुझा भाऊ घावलाय, घेऊन जा!" धाग्याला बांधायची चिठ्ठी ती लिहायची, ठिकाण आणि वार. तिच्या स्वतःच्या गल्लीच्या गटारातला धागा गडद लाल निघाला तेव्हा ती हसली. "हे आमच्या नायनांचं लाल. चादरीच्या काठाचं. कुठंही ओळखीन मी." आणि चिठ्ठीवर तिनं गल्लीचं नाव लिहिलं, जसं बाकीच्या ठिकाणांचं लिहिलं होतं तसंच.

एक धागा तिनं मोठ्या कापडगिरणीच्या मागच्या भिंतीशीही बांधला. गिरणीचं पाणी झाकलेल्या गटारातून येऊन भिंतीपलीकडे ओढ्याला मिळायचं. वाफाळलेलं, जवळजवळ स्वच्छ दिसणारं पाणी. दुसऱ्या दिवशी तो धागा पांढराच निघाला. आधीपेक्षाही पांढरा.

"काही नाही," मी म्हणाले. "ठेव बाजूला."

तिनं धागा दोन बोटांत धरून ओढला. धागा तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. आवाजही झाला नाही, नुसता गळून पडल्यासारखा तुटला. मग तिनं गल्लीतला लाल धागा ओढून दाखवला. तो बोटात रुतला, पण तुटला नाही.

"हे बघ. सूत मेलंय ह्यात," ती म्हणाली. "ब्लीचिंगचं पाणी आहे हे. सुताचं असं होतंय, तर माणसाचं काय होत असंल?"

मी दोन्ही धागे बघितले. एक लाल, एक पांढरा. माझ्या डोक्यात तोवर प्रदर्शनाचा फळा तयार झाला होता.

जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि प्रमुख पाहुणे म्हणून सरकारी कचेरीतले एक आरोग्याचे साहेब येणार होते. आमच्या मंडळाला एक अख्खी भिंत मिळाली. मी पांढऱ्या कागदावर ओढा काढला, निळा, आणि जिथून धागा काढला तिथं तो धागा चिकटवला. लाल, गुलाबी, हिरवट, जांभळा. फळा लांबूनसुद्धा अंगावर यायचा. मैत्रीण शेजारी उभी राहून खळ लावत होती. शेवटी तिनं तो पांढरा धागा पुढं केला.

"हा कुठं लावू?"

"हा नको. दिसत नाही."

"दिसायचा कशाला? ओढून बघा म्हणायचं."

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. प्रत्येक प्रदर्शनात असते तशी पाटी बाईंनी आठ ठिकाणी लावली होती: 'कृपया वस्तूंना हात लावू नये.'

"मग पाटी काढ की," ती म्हणाली.

"पाटी बाईंची आहे. आणि पांढऱ्या कागदावर पांढरा धागा लावून साहेबांना काय सांगू मी? हे बघा, काही नाही?"

 तिनं धागा चिठ्ठीसकट वहीत ठेवला. तिनं वाद घातला नाही हे त्या वेळी मला बरंच वाटलं.

पत्रक मी एका रविवारी दुपारी लिहिलं. मथळा होता : 'आपल्या आडात विष कोण कालवतं?' त्या मथळ्याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो, आणि अभिमान वाटतो म्हणून लाज वाटते. बाबांच्या पत्रकांतून मी एक गोष्ट शिकले होते. नुसता निषेध म्हणजे हवा. नाव घ्यावं लागतं. मालकाचं नाव, दुकानाचं नाव, कचेरीचं नाव. नाव घ्यायला घाबरतो तो लिहिणारा नव्हे. माझ्याकडे रंगीत पुराव्यासकट एकच नाव होतं, ते तिच्या गल्लीचं. मी ते घातलं. घालताना हात थांबला होता. पण मी स्वतःला सांगितलं की मैत्रीमुळे नाव गाळणं म्हणजे वशिला, आणि वशिल्याविरुद्ध तर आमच्या फडताळात चार पत्रकं होती.

मजकूर मी तिला दाखवला नाही. मंडळाचा सगळा कागद ती बघायची, चिठ्ठ्या, वही, फळा. हा एकच कागद मी दप्तरात तळाशी ठेवला आणि थेट छापखान्यात नेला.

बाबा टाइप जुळवताना डोकं वर काढत नसत. अर्धा मजकूर जुळवून झाल्यावर ते थांबले. "गल्लीचं नाव आहे. गिरणीचं नाही."

"गिरणीचा धागा पांढरा आला, बाबा."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग पुन्हा खालच्या खणातून अक्षरं उचलायला लागले. बाबांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या मजकुरात शब्दाची चूक असेल तर सुधारायची, अर्थाला हात लावायचा नाही. तो नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला नाही. लेकीला इतर लेखकांसारखं वागवलं, ह्याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी पत्रकांचा गठ्ठा आला तेव्हा शाई अजून हाताला लागत होती. दारात उभं राहून ती वाटायचं काम कुणाचं हे आधीच ठरलं होतं. मंडळात सगळ्यांशी गोड बोलणारी एकच होती, माझी मैत्रीण. मी गठ्ठा तिच्या हातात दिला आणि आत पळाले. साहेबांना फळा समजावून सांगायचा होता.

खिडकीतून दार दिसत होतं. तिनं पहिली पाच-सहा पत्रकं न बघता वाटली. "घ्या काका, वाचा." "मावशी, घ्या की, फुकट आहे." मग एका म्हातारबाबांनी तिथंच उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तिचा पुढं केलेला हात थांबला. तिनं गठ्ठ्यातलं वरचं पत्रक उचललं आणि वाचलं. सगळं वाचलं, तळापर्यंत. तिनं खिडकीकडे बघितलं. मी दिसले असणार. मला वाटलं, आता ती आत येईल, गठ्ठा माझ्या अंगावर फेकेल. त्या क्षणी तिनं तसं करायला हवं होतं. पण रांगेत लोक उभे होते. बाई तिथंच होत्या. तिनं ते पत्रक गठ्ठ्यावर परत ठेवलं आणि पुढच्या माणसाला दिलं. शेवटचं पत्रक संपेपर्यंत ती दारात उभी होती. फक्त "घ्या की" म्हणायचं तिनं बंद केलं होतं.

साहेबांना फळा आवडला. त्यांनी लाल धाग्याजवळ वाकून बघितलं, पण पाटी वाचली आणि हात मागं घेतला. दोन पत्रकं घडी करून खिशात घातली. भाषणात म्हणाले, ह्या मुलींनी कचेरीचं काम सोपं केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती माझ्या शेजारीच बसली. मी म्हणाले, "तुला राग आलाय."

"पाणी लाल आहे ते खरंच आहे की," ती म्हणाली आणि पुस्तक उघडलं. "कितवा धडा?"

तीन आठवड्यांनी कचेरीची माणसं गल्लीत आली. चार शेड होत्या, चारही बंद केल्या. हौदांत दगडमाती टाकली, गटाराची तोंडं बुजवली, दारांवर नोटिसा डकवल्या. त्या दिवशी ती शाळेत आली नव्हती. मधल्या सुट्टीत मला कळलं आणि मी दप्तर तिथंच टाकून पळत गेले.

गल्लीत बांबू रिकामे होते. अम्मा दारात सूप घेऊन बसली होती, पण हात चालत नव्हते. मला बघून सवयीनं म्हणाली, "दा, कूसो." ये, बस. आणि त्याच सवयीनं विचारलं, "तिन्नावा?" जेवलीस का? 

नायना नोटिशीसमोर उभे होते. त्यांना मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. मैत्रीण त्यांना वाचून दाखवत होती. सरकारी मराठीतला एक एक शब्द ती तेलुगूत करत होती. नोटिशीच्या खाली टाचणीनं माझं पत्रक लावलेलं होतं. तेही तिनं वाचलं. मथळ्यापासून. एकही वाक्य गाळलं नाही.

"हे सरकारचं न्हाय वाटत," नायना मराठीत म्हणाले, बहुतेक माझ्यासाठी. "हे कुणी लिवलं?"

तिनं माझं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, "मी लिहिलं, नायना."

ते माझ्याकडे वळले. ओरडले असते तर मी उभी राहू शकले असते. ओरडणाऱ्या माणसासमोर उभं कसं राहायचं ते मला घरात शिकवलेलं होतं.

"खोटं कुटं लिवलंय," ते म्हणाले. "पाणी लालच जात होतं आमचं. तीस वर्सं जातंय." मग अगदी हळू, खरोखर मला विचारल्यासारखं म्हणाले, "पण बिड्डा, ते पाणी सोडू कुटं मी? एवडं शिकलीस, एवडं लिवलंस. ते बी लिवायचं होतंस की खाली."

बिड्डा म्हणजे लेक. ते आपल्या मुलींना हाक मारायचे तीच हाक.

मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. गिरणीच्या पाण्यातला धागा तुटत होता हेही सांगितलं. बाबांनी हातावरची शाई पुसली. मग म्हणाले, "ब्लीचिंगचं पाणी काय करतं ते मला माहीत होतं. त्या खात्यातले कामगार येतात ना पत्रकं छापायला. नखं गेलीत काहींची."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"मला वाटलं तू बघितलं असशील," बाबा म्हणाले. "इतकं ठासून लिहिलं होतंस."

मी दुसरं पत्रक लिहिलं. गिरणीवर. ह्या वेळी तुटणाऱ्या धाग्यावर. बाईंनी ते वाचून टेबलाच्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. म्हणाल्या, गिरणीतले दोघे जण शाळेच्या समितीवर आहेत, माझी नोकरी अजून कायम नाही, आणि मंडळ आता पुरे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना भित्री म्हणायला मला फार आवडलं असतं. बाबांनी माझ्या कच्च्या प्रतीवरून पत्रक छापून दिलं आणि मी एकटी गिरणीच्या दाराशी पाळी सुटायच्या वेळी उभी राहिले.

भोंगा झाला. माणसं बाहेर आली. काहींनी कागद घेतला. एक जण वाचत वाचत पुढं गेला आणि परत आला. बाबांच्या वयाचा असेल.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"पेठंतल्या रंगाच्या शेडी बंद केल्या, ते बी तूच काय?"

मी मान डोलावली.

"आता आमची गिरणी बंद पाडायला आलीस व्हय गं?" त्याच्या आवाजात थट्टा होती, आणि थट्टेच्या आत भीती होती. त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "घरी जा, पोरी. ऊन लई हाय."

गिरणीला काहीही झालं नाही. ओढा पुढच्या महिन्यापासून लाल दिसेनासा झाला. बायका म्हणाल्या, पाणी सुधारलं. आडावर पुन्हा घागरींची रांग लागली. त्यांच्या हातांना अजून पपडी सुटत होती.

नायना आधी एकटेच भिवंडीला गेले. तिथं कुणाच्या तरी कारखान्यात मागावर लागले. ज्या माणसाची स्वतःची भट्टी होती, तो दुसऱ्याच्या यंत्रावर उभा राहिला. मैत्रीण वार्षिक परीक्षेपर्यंत शाळेत येत राहिली. शाळा सुटल्यावर विड्या वळायची. तिच्या बोटांना तंबाखूचा वास यायला लागला तसा ती हात दप्तराखाली ठेवून बसायला लागली. गल्लीत तिला मॅट्रिक म्हणायचं बंद झालं होतं. कुणी ठरवून बंद केलं नसणार.

निकालानंतर ती दाखला न्यायला आली, तेव्हा मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. ती नको म्हणाली नाही. कारकुनांनी फॉर्म पुढं ओढला, टाक शाईत बुडवला.

"शाळा सोडण्याचं कारण?"

"वडिलांची बदली," ती म्हणाली.

कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं. "बदली? कोणत्या खात्यात आहेत गं तुझे वडील? कलेक्टर आहेत काय?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले.

"भिवंडीला झाली बदली," ती शांतपणे म्हणाली. "लिहा की सर."

खरं कारण माझ्या तोंडात तयार होतं. जुळवलेल्या ओळीसारखं तयार. मी तोंड उघडलं आणि तिनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. कारकुनांनी 'वडिलांची बदली' लिहिलं, टिपकागद दाबला, शिक्का मारला.

व्हरांड्यात आल्यावर मी विचारलं, "खरं का सांगू दिलं नाहीस?"

"तो दाखला तिकडच्या शाळेत दाखवायचाय," ती म्हणाली. "तिथं काय सांगू? गटारापायी शाळा सुटली म्हणून?"

"तिकडं घालणार आहेत शाळेत?"

"नायना बघू म्हणाले." तिनं दाखल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तुझ्यावर राग न्हाय माझा. खरंच न्हाय. फक्त एवढं वाटतं, छापायच्या आधी मला दाखवायचं होतंस. मी गल्लीचं नाव काढ म्हणाले नसते. गिरणीचं घाल म्हणाले असते."

ती फाटकातून बाहेर पडली. मी तिला हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

ह्याला आता पाच वर्षं झाली. मधल्या काळात, आणीबाणीत, पत्रकं काढणाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं, बाबांच्या छापखान्यावर दोनदा माणसं येऊन गेली, आणि मी लिहीत राहिले. आता माझं नाव छापून येतं. लोक मला निर्भीड म्हणतात. तो शब्द ऐकला की मला शाळेचं दार आणि दारातला तो थांबलेला हात दिसतो.

गेल्या उन्हाळ्यात विडी कारखान्याच्या रांगेत अक्का भेटली. तिचं लग्न इथंच झालंय. मी मैत्रिणीबद्दल विचारलं. ती भिवंडीत मागासाठी सुताच्या कांड्या भरते. लग्न ठरलंय.

"आणि शाळा?"

"कसली शाळा," अक्का म्हणाली. "दाखला हाय की अजून. अम्माच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवलाय. कुणी मागितलाच न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू अजून लिवतीस म्हणं. लिव. पन तिच्यावर लिवलंस तर आदी तिला दाव."

अक्कानं पत्ता दिला. मी हे सगळं लिहून काढलं आणि त्या पत्त्यावर पाठवलं. त्यात सगळ्यांची नावं होती, गल्लीचं, शाळेचं, गिरणीचं, साहेबांचं, बाईंचं, तिचं आणि माझं. सवय तशी सहज जात नाही. दोन महिने उत्तर आलं नाही. मग छापखान्याच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. त्यावर दोन ओळी होत्या : 'वाचलं. नावं सगळी काढ, माझं आधी काढ, मग छाप.'

मी कार्ड उलटून बघितलं. ती कशी आहे, कुणाशी लग्न करते, ह्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मागच्या बाजूला फक्त छापखान्याचा पत्ता होता.